पंचवीस पावत्या

"सर, या पंचवीस पावत्या तुम्ही कशा निवडल्या होत्या?"

डेटावालीनं हे स्क्रीनवरून नजर न हलवता विचारलं. आवाजात काही नव्हतं. खिडकी जरा लावून घेऊ का, असं विचारावं तसं विचारलं. "नेहमीसारख्या," तो म्हणाला, आणि हातातला कप बशीत ठेवता ठेवता त्याच्या लक्षात आलं की हे काही उत्तर नव्हे. तिच्याही लक्षात आलं असावं, कारण तिची बोटं कळफलकावर तशीच थांबून राहिली होती. सकाळचे अकरा वाजले होते. बैठकीच्या खोलीत ते दोघंच होते, लांबलचक टेबलाच्या एका टोकाला, आणि समोरच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर त्याच्याच सहीचं एक जुनं पान उभं होतं. स्वतःची सही एवढी मोठी त्यानं कधी पाहिली नव्हती. शेवटचा फराटा उगाचच लांब ओढलेला होता.

तिला या ऑडिट फर्ममध्ये येऊन जेमतेम आठ महिने झाले होते. सगळे तिला डेटावाली म्हणत आणि तिनं ते कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. नवी प्रणाली तिच्या हाती होती. त्यानं चौतीस वर्षं जे काम केलं होतं ते असं होतं: कंपनीच्या हजारो नोंदींतून मूठभर उचलायच्या, त्या डोळ्यांत तेल घालून तपासायच्या, आणि त्या मुठीच्या जोरावर सगळ्या ढिगाबद्दल लिहून सही करायची. प्रणाली मूठ भरत नव्हती. ती अख्खा ढीग उपसत होती. कोणती नोंद कोणी केली, कोणत्या लॉगिनवरून, किती वाजता, कोणत्या पावतीवर कोणाचं अक्षर, सगळं. गेल्या दोन वर्षांत नियामकांनी दोन फर्मचे परवाने काढून घेतल्यावर इथल्या भागीदारांनी एकदाचा खर्च केला होता. चाचणीसाठी ओळखीचं गिऱ्हाईक घ्या, असं त्यानंच सुचवलं होतं. औषधाच्या काचेच्या बाटल्या बनवणारा कारखाना. नऊ वर्षं तिथं त्याची सही होती. ज्या घरात आपण चपला न शोधता घालतो तसं ते घर होतं.

"चूक काढत नाहीये सर," डेटावाली म्हणाली. "माणसाची नजर कशी निवडते ते प्रणालीला शिकवायचंय म्हणून विचारते. सहा वर्षांपूर्वीचं हे तुमचं टिपण. मजुरीच्या पावत्या त्या वर्षी अकरा हजारांच्या वर आहेत. तुम्ही बघितलेल्या पंचवीस एकाच पंधरवड्यातल्या आहेत. क्रमांकसुद्धा जवळजवळ लागून आहेत. आणि अक्षर एकाच बाईंचं."

"रोखपाल बाईंचं," तो म्हणाला.

"हो. पण बनावट नावं फक्त त्या पंधरवड्यात नाहीत. वर्षभर आहेत. अडतीस माणसं, जी फाटकातून कधी आतच आली नाहीत. त्यांच्या मजुरीच्या नोंदी एकाच लॉगिनवरून झाल्यात, मुख्य लेखापालांच्या." तिनं एक पान सरकवलं. पडद्यावर लाल ओळी उतरत गेल्या. "यातले चौदा दिवस तर रोखपाल बाई रजेवर होत्या. आणि सर, त्यांना काढून टाकल्यानंतरही हे थांबलेलं नाही. नावं बदलली, खातं बदललं. मागच्या महिन्यापर्यंत चालू आहे."

त्यानं बशीतला कप पुन्हा उचलला. तो म्हणाला, "त्यावेळची पद्धत वेगळी होती." ती "हो सर" म्हणाली आणि पुढच्या पानाकडे वळली. त्या "हो सर"मध्ये टोमणा असता तर त्याला बरं वाटलं असतं.

दुपारभर तो आपल्या जागेवर बसून होता. समोर दुसऱ्याच एका कंपनीचा ताळेबंद उघडा होता, आणि आकड्यांवरून त्याची नजर पाण्यावरून काठी फिरावी तशी फिरत होती. कशा निवडल्या होत्या? निवडल्या नव्हत्याच. त्या दिवशी तो कारखान्यात पोचला तेव्हा भट्टीच्या बाजूनं येणाऱ्या गरम वाऱ्यानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता, आणि मुख्य लेखापालांच्या खोलीत मात्र गार होतं. अण्णा म्हणत सगळे त्यांना, मालकापासून पहारेकऱ्यापर्यंत. कोणीतरी निनावी चिठ्ठी टाकली होती की मजुरांच्या यादीत भुतं आहेत, आणि मालकांनी ताबडतोब ऑडिटरला बोलावून घेतलं होतं. अण्णा दारापर्यंत आले, पंखा त्याच्या दिशेनं वळवला, म्हणाले, "तुमचा वेळ जायला नको म्हणून मीच काढून ठेवलंय. वर्षभराच्या पावत्या उपसत बसलात तर आठवडा जाईल." फाइल उघडलेली होती. त्यात कागदी खुणासुद्धा लावलेल्या होत्या. त्यानं पंचवीस पावत्या मोजल्या, कारण पंचवीस हा आकडा त्याच्या डोक्यात होता, आणि फाइलीतही नेमक्या तेवढ्याच निघाल्या. त्याला त्याचं नवल वाटलं नव्हतं. बरं वाटलं होतं. दर वर्षी तपासायच्या नोंदींची यादी तो अण्णांना एक दिवस आधी कळवत असे. सौजन्य म्हणून. म्हातारा माणूस, दोनच कारकून, धावपळ होते बिचाऱ्याची. आज त्याला वाटलं, आपणच दर वर्षी आदल्या दिवशी दार उघडं ठेवून येत होतो आणि दुसऱ्या दिवशी कुलूप कसं नीट आहे हे तपासत होतो.

टिपणातली तीन वाक्यं त्याला पाठ होती. तपासलेल्या पंचवीसही पावत्या रोखपालांच्या हस्ताक्षरात आहेत. संबंधित मजुरांची नोंद फाटकावरच्या वहीत आढळली नाही. मजुरीची रोख रक्कम रोखपालांच्या ताब्यात असते. पहिली दोन वाक्यं त्यानं डोळ्यांनी पाहिली होती. तिसरं अण्णांनी सांगितलं होतं. कागदावर तिन्हींची शाई एकच होती. कोणी चोरी केली असं त्यात कुठंच म्हटलेलं नव्हतं, आणि याचा त्याला त्या काळी थोडा अभिमानही वाटला होता: आपण फक्त जे आहे ते लिहितो. त्या तीन वाक्यांवर आठवड्याच्या आत बाईंची नोकरी गेली.

आणि त्या दारात आल्या होत्या. हे त्याला आज आठवलं असं नाही. ते आठवणीत होतंच, फक्त अंगावर येत नव्हतं. चाळिशीच्या, साध्या, खांद्याला कापडी पिशवी. "साहेब, जरा बोलायचं होतं." त्यानं मान वर केली. अण्णा म्हणाले, "बाई, साहेबांना काम करू द्या." आवाजात राग नव्हता, अगदी समजुतीनं म्हणाले. त्यानं मान खाली घातली. बाई किती वेळ दारात उभ्या होत्या ते त्याला माहीत नाही, कारण मग तो पावत्यांवर हिरव्या पेनानं खुणा करत होता आणि त्या खुणा नेहमीपेक्षा ठळक करत होता.

चार वाजता मोठ्या भागीदारांनी बोलावलं. वीस वर्षांपूर्वी त्यांनीच त्याला या फर्ममध्ये आणलं होतं. ते त्याला अरे-तुरे करत आणि त्याच्या मुलीच्या लग्नात वधूपक्षाकडून उभे राहिले होते. "डेटावालीनं दाखवलं मला," ते म्हणाले. "बस. आधी पाणी पी. हे बघ, चालू वर्षाचं जे आहे ते आपण गिऱ्हाइकाच्या संचालकांना कळवूच. अण्णाची चौकशी होईल, होऊ दे. सहा वर्षांपूर्वीचं मात्र आपल्या चाचणीच्या व्याप्तीत नाही. तुला तीन दिवसांत प्रणालीतल्या त्या उत्तराच्या खिडकीत उत्तर भरायचंय. तिथं तीन पर्याय आहेत ना?"

होते. मान्य, स्पष्टीकरण, व्याप्तीबाहेर. भरलेलं उत्तर कोणाला पुसता येत नव्हतं, मोठ्या भागीदारांनासुद्धा नाही. ते थेट गुणवत्ता समितीकडे जायचं, आणि समितीत एक सदस्य फर्मच्या बाहेरचा असायचा, हाच तर नव्या कारभाराचा कणा होता. पण 'व्याप्तीबाहेर' म्हटलेल्या गोष्टी वर्षाअखेरच्या एका यादीत जायच्या आणि ती यादी कोणी उघडणार नाही हे लहान मुलानंही ओळखलं असतं.

"'नमुना तत्कालीन पद्धतीनुसार निवडला होता.' एवढं लिही," मोठे भागीदार म्हणाले. "यात खोटं काय आहे? तेव्हा सगळे असंच करायचे. मीही केलंय."

"त्या बाईंची नोकरी गेली, सर."

"मालकानं काढलं. तू नाही." त्यांनी पाण्याचा पेला त्याच्याकडे सरकवला. मग हळू आवाजात म्हणाले, "अरे, तुला दोन वर्षं राहिलीत. माझ्या फर्मचा विचार करून सांगत नाहीये मी. तुझा करून सांगतोय."

आणि ते खरंच होतं. म्हणून त्याला उठवेना.

घरी बायको ओट्याशी उभी राहून घेवडा निवडत होती. तीस वर्षं ती तपासणीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. रक्त, लघवी, थुंकी, लोकांच्या आतल्या गोष्टी दिवसभर भिंगाखाली बघायची आणि घरी येऊन त्याबद्दल अवाक्षर काढायची नाही. त्यानं सगळं सांगितलं. सांगताना त्याला दिसलं की आपण अण्णांचा पंखा, गारवा, समजुतीचा आवाज, हे सगळं वर्णन करून सांगतोय आणि बाईंबद्दल एकच वाक्य बोललो. बायको शेंगांची टोकं मोडत ऐकत होती.

"अहो, नमुना पेशंटनं घरून आणला तरी डबी आमची असते," ती म्हणाली. "सील आमचं असतं. एखादा घरच्या बाटलीत घेऊन आला तर आम्ही घेत नाही. कितीही भला माणूस असो."

"मला ठाऊक नाही का ते?"

"तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून तर तुम्ही असे पडेल चेहऱ्यानं बसलात." तिनं निवडलेल्या शेंगा पाण्यात टाकल्या. "एकदा माझ्या हातून दोन काचपट्ट्यांची अदलाबदल झाली होती. तुम्हाला कधी सांगितलं नाही. एका माणसाला महिनाभर नसलेल्या आजाराची औषधं चालू होती. मी स्वतः जाऊन डॉक्टरांना सांगितलं."

"मग?"

"मग काय? दोन महिने मला भिंगाला हात लावू दिला नाही. बाटल्या धूत होते." ती हसली नाही. "त्या माणसाची औषधं मात्र बंद झाली."

तो तिच्याकडे बघत राहिला. एकाच छपराखाली तीस वर्षं, आणि ही बाटल्या धूत होती तेव्हा आपण कुठल्या गावच्या ताळेबंदावर खुणा करत होतो? तेव्हा ती संध्याकाळी घरी येऊन हाच ओटा पुसत असणार, आणि आपण वर्तमानपत्रामागून विचारलं असणार, काय गं, दमलीस का? ती नाही म्हणाली असणार. आपण ते मान्य करून पुढचं पान उलटलं असणार.

दुसऱ्या दिवशी तो फर्मच्या तळघरातल्या कागदपत्रांच्या खोलीत गेला. त्या वर्षाची मूळ फाइल त्याला हवी होती. का, ते त्यानं स्वतःला विचारलं नाही. कदाचित तिच्यात काहीतरी सापडेल, आपण अगदीच आंधळे नव्हतो असं काहीतरी. खोलीत जुन्या पुठ्ठ्याचा, डिंकाचा वास होता. शिडीवर चढून त्यानं फाइल काढली आणि उभ्या उभ्याच चाळली. चाळिसाव्या पानावर कारखान्याच्या रजेच्या वहीची प्रत होती. वेगळ्याच कामासाठी मागवलेली, रजेच्या पगाराचा हिशेब ताडून बघायला. रोखपाल: आई रुग्णालयात, चौदा दिवस. तारखा स्पष्ट होत्या. पंचवीसपैकी नऊ पावत्या त्याच तारखांच्या होत्या. पावत्या बाईंनी कामावर परतल्यावर, अण्णांनी दिलेल्या यादीवरून लिहून काढल्या असणार. पण पैसे वाटले गेले असतील तर ते त्यांच्या हातून वाटले जाणं शक्यच नव्हतं. आणि पानाच्या कोपऱ्यात, हिरव्या शाईत, तपासल्याची खूण होती. त्याच्या हाताची.

प्रणालीनं जे लाल ओळींत दाखवलं होतं ते सहा वर्षं त्याच्याच फाइलीत, त्याच्याच खुणेखाली पडून होतं. त्याला वाटत होतं की यंत्राला जास्त दिसतं म्हणून आपण उघडे पडलो. तसं नव्हतं. त्यालाही दिसलं होतं. दोन कागद एकमेकांशेजारी ठेवायचे एवढंच राहिलं होतं, आणि ते का राहिलं याचं उत्तर कुठल्याही पद्धतीत नव्हतं. घाई नव्हती. धमकी नव्हती. अण्णांनी कधी पाकीट पुढे केलं नव्हतं; केलं असतं तर तो ताडकन उठून आला असता आणि पुढे कित्येक वर्षं ती हकिकत सांगत फिरला असता. त्याला फक्त त्या गार खोलीत बरं वाटत होतं. त्या खोलीत तो महत्त्वाचा माणूस होता. आणि दारातल्या बाईंशी बोललो असतो तर ते बरं वाटणं मोडलं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं खिडकी उघडली, 'मान्य' निवडलं, आणि खालच्या चौकटीत लिहायला लागला. पहिल्यांदा ऑडिटरसारखं लिहिलं गेलं: नमुन्याच्या निवडीत त्रुटी राहून गेली. ते त्यानं खोडलं. राहून काही गेलं नव्हतं. मग लिहिलं: "या पंचवीस पावत्या मी निवडल्या नाहीत. त्या मुख्य लेखापालांनी मला काढून दिल्या. रोख रक्कम रोखपालांच्या ताब्यात असते हे मी तपासलं नव्हतं, ऐकलं होतं. रजेच्या वहीची प्रत माझ्याकडे होती. रोखपाल मला भेटायला आल्या होत्या आणि मी त्यांच्याशी बोललो नाही. माझ्या टिपणामुळे त्यांच्यावर आळ आला. ते टिपण चुकीचं आहे." चाळिसाव्या पानाची प्रत त्यानं सोबत जोडली. मग बटण दाबलं. पडद्यावर 'नोंद झाली' अशी दोन शब्दांची पाटी आली आणि गेली. डेटावाली पलीकडच्या टेबलावर बसली होती. थोड्या वेळानं तिची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. ती त्याच्याकडे आली नाही, फक्त जाता जाता त्याच्या टेबलाशी क्षणभर रेंगाळली आणि म्हणाली, "जोडलेलं पान नीट उघडतंय सर."

मोठे भागीदार दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये भेटले आणि म्हणाले, "तू माझ्याही जुन्या फायली उघडायला लावणार आता." रागानं म्हणाले की थकून, ते त्याला कळलं नाही. पण पुढच्या आठवड्यात त्यांनी खरंच स्वतःच्या चार गिऱ्हाइकांची जुनी वर्षं प्रणालीत घालायला सांगितली, हे त्याला डेटावालीकडून कळलं.

समितीपुढे तो गेला तेव्हा बाहेरच्या सदस्य म्हणून एक निवृत्त प्राचार्या बसल्या होत्या. आयुष्यभर गणित शिकवलेल्या. इतरांनी पद्धतीबद्दल विचारलं, नियमांबद्दल विचारलं. त्यांनी चष्मा काढून एकच विचारलं, "तुम्ही त्या बाईंशी का बोलला नाहीत?"

"त्या बोलल्या असत्या तर मला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं असतं," तो म्हणाला.

त्यांनी ते लिहून घेतलं. जसंच्या तसं.

सही करण्याचा त्याचा अधिकार दोन वर्षांसाठी काढून घेण्यात आला, म्हणजे निवृत्तीपर्यंतच. अण्णांवर फौजदारी गुन्हा दाखल झाला. कारखान्याच्या संचालकांनी बाईंवरचा आळ मागे घेतल्याचं पत्र काढलं, त्यांच्याकडून भरून घेतलेली रक्कम व्याजासह परत करायचं ठरलं. आणि फर्मच्या नियमांत दोन कलमं नव्यानं आली: तपासायच्या नोंदी प्रणाली निवडेल आणि त्या कोणत्या हे समोरच्याला तपासणीच्या क्षणापर्यंत कळणार नाही, आणि ज्या माणसाचं नाव टिपणात येईल त्याचं म्हणणं टिपणाला जोडल्याशिवाय कोणालाही सही करता येणार नाही. प्रणाली ती सही घेणारच नाही. दुसरं कलम प्राचार्यांनी आग्रहानं घालून घेतलं होतं. त्यानं ते मसुद्यात वाचलं तेव्हा त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या खाली कुठंतरी किंचित हलकंही वाटलं, आणि त्या हलकं वाटण्याची पुन्हा लाज वाटली.

पत्र बाईंना पोचल्याची पावती आल्यावर तो त्यांना भेटायला गेला. वकिलांनी नको म्हणून सांगितलं होतं. रुग्णालयांच्या चादरी धुऊन देणाऱ्या एका मोठ्या धुलाईघरात त्या कामाला होत्या. आत वाफ होती, यंत्रांची घरघर होती, आणि लांब टेबलाशी त्या चादरींच्या चळती मोजत उभ्या होत्या. केस बरेच पिकले होते. मोजून झालं की आकडा त्या शेजारच्या बाईला सांगत आणि ती लिहून घेई.

"मी स्वतः लिहीत नाही," तो आकड्याच्या वहीकडे बघतोय हे पाहून त्या म्हणाल्या. ओळख सांगायची वेळच आली नाही. "तुम्हाला ओळखलं मी. पैसे नसलेल्या ठिकाणीच नोकरी बघितली, आणि लिहायचं काम घेणार नाही असं पहिल्याच दिवशी सांगितलं."

"पत्र मिळालं?"

"मिळालं."

त्यानं जे ठरवून आणलं होतं ते बोलायला सुरुवात केली. यंत्राच्या आवाजात त्याला मोठ्यानं बोलावं लागत होतं आणि माफीचे शब्द मोठ्यानं बोलले की भांडल्यासारखे वाटतात हे त्याला पहिल्यांदाच कळलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हातातली चळत बाजूला ठेवली.

"साहेब, मला माफीबिफीचं काही कळत नाही आत्ता. कळेल तेव्हा कळेल. पण तुमच्यानं एक काम होईल का? माझ्या भावाकडे चला. कंपनीनं पोलिसांत जायची धमकी दिली तेव्हा सगळे पैसे त्यानं भरले. नवं मशीन घेणार होता, त्याचे. भरले आणि म्हणाला, ताई, आता माझ्याकडे येत जाऊ नकोस. आई गेली तेव्हा बोलावलं, तेवढंच. हे पत्र मी त्याला दाखवलं तर म्हणेल, हेही हिनंच लिहून आणलं."

तासाभरानं त्यांची सुट्टी झाली आणि ते दोघं चालत निघाले. वाटेत रस्ता ओलांडताना त्या "जपून, इथं गाड्या वळतात" म्हणाल्या. भावाचं दुकान मोटारी आणि पंखे दुरुस्त करण्याचं होतं. आत तांब्याच्या तारेची वेटोळी टांगलेली, जमिनीवर उघडी पडलेली यंत्रं, मधे एका स्टुलावर तो मोटारीत तार भरत बसलेला. बहिणीला बघून त्याचे हात थांबले. चेहरा हलला नाही.

"मी ऑडिटर," तो म्हणाला. बाहेरून गेलेल्या ट्रकच्या आवाजात ते बुडालं, म्हणून पुन्हा म्हणाला. "सहा वर्षांपूर्वी तुमच्या बहिणीबद्दल ज्यानं लिहिलं तो मी. ते चुकीचं होतं. पैसे दुसऱ्यानं घेतले. मी नीट बघितलं नाही, आणि या बोलायला आल्या तेव्हा यांना विचारलं नाही."

त्यानं पत्र पुढे केलं. भावानं हात पँटला पुसले, पत्र घेतलं, उजेडाकडे धरून सावकाश वाचलं. मग उलटून मागची बाजू पाहिली, जणू तिथंही काही असेल. घडी घालताना ती त्याला नीट जमेना.

"सहा वर्षं," तो म्हणाला, कोणालाच नाही. मग जागेवरून उठला, स्वतःचं स्टूल पुसलं आणि तिच्याकडे सरकवलं. "ताई, बस ना."

ती बसली नाही. "आधी विचार," ती म्हणाली.

"काय विचारू? आता कळलं ना सगळं. लिहिलंय ना यात."

"यात लिहिलंय ते यांनी शोधलेलं. तू मला विचार. तेव्हा विचारलं नाहीस ते."

भाऊ तसाच उभा राहिला. त्यानं ऑडिटरकडे पाहिलं, सुटका करा म्हणावं तसं, आणि ऑडिटरनं मान खाली घातली नाही. दुकानापुढून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"ताई," तो शेवटी म्हणाला. "तू घेतले होतेस का गं ते पैसे?"

"नाही," ती म्हणाली, आणि मग बसली.